बाइक चार्ज होत नाही? नवी बॅटरी घ्यायच्या आधी मीटर घ्या

सेल मारला की नुसती टकटक, हॉर्न बसलेला, इंडिकेटर पेटतो पण मिचकत नाही. अशी गाडी ढकलत कुठंही नेली तरी पहिलं निदान बहुधा ठरलेलं असतं: बॅटरी गेली. नवी बॅटरी बसते, आठ-पंधरा दिवस गाडी झकास चालते आणि परत टकटक सुरू. नवी बॅटरी भरलेली येते आणि ती संपेपर्यंत गाडी पळते, एवढंच त्या पंधरवड्याचं गुपित. बॅटरी भरणारी यंत्रणा बंद आहे का, हे कुणी बघितलेलंच नसतं.

या यंत्रणेत वस्तू मोजक्याच आहेत. इंजिनच्या कव्हरमागं, बहुतेक गाड्यांत डाव्या बाजूला, मॅग्नेट फिरतो. त्याच्या पोटात कॉइल प्लेट म्हणजे स्टेटर असतो, तो एसी वीज तयार करतो. ती वीज आरआर युनिटमध्ये, म्हणजे आपण ज्याला नुसतं रेग्युलेटर म्हणतो त्यात जाते, तिथं तिची डीसी होते आणि व्होल्टेज साडेचौदाच्या आसपास रोखलं जातं. तिथून फ्यूजमार्गे बॅटरी. या सगळ्यांना जोडणारे कपलर आणि अर्थची वायर यांची किंमत सगळ्यात कमी, पण बिघाड त्यांच्यातच खूप वेळा सापडतो.

स्पेअरच्या बहुतेक दुकानांत पाटी असते की इलेक्ट्रिकल माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे अंदाजानं रेग्युलेटर आणला आणि दोष कॉइलमध्ये निघाला तर ते पैसे गेलेच. म्हणून पहिली खरेदी दोन-तीनशे रुपयांच्या साध्या डिजिटल मीटरची. बाकी सामान घरात किंवा कोपऱ्यावर मिळतं: ८ आणि १० नंबरचे पाने, एल-कीचा सेट, बारीक पॉलिश पेपर, काँटॅक्ट क्लीनरचा डबा, हीट श्रिंक स्लीव्ह आणि थोडं व्हॅसलीन.

पुढची मापं तीन पिवळ्या वायरींची कॉइल असलेल्या गाड्यांसाठी आहेत. साधारण १२५ सीसीपासून वरच्या बहुतेक गाड्या यात येतात. जुन्या १०० सीसीच्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो, म्हणून अॅक्सिलरेटर पिळला की उजेड वाढतो आणि सोडला की मंद होतो. तिथं कॉइलमधून चार्जिंगची एक आणि लाइटची एक अशा वेगळ्या वायरी येतात. बॅटरीवरच्या आणि अर्थच्या तपासण्या त्या गाड्यांनाही लागू आहेत, कॉइलच्या तीन जोड्यांची मात्र नाही.

आधी बॅटरीची खातरी

मेलेल्या बॅटरीवर घेतलेली सगळी मापं फसवी असतात, म्हणून हे टाळू नका. बॅटरी काढून बाहेरच्या चार्जरवर पूर्ण भरा. करंट क्षमतेच्या एक दशांश ठेवा, म्हणजे ५ एएचच्या (अँपिअर-तासांच्या) बॅटरीला अर्धा अँपिअर, आणि दहा-बारा तास. कारच्या चार्जरवर तासाभरात भरून देतो म्हणणाऱ्याकडं छोटी बॅटरी देऊ नका, आतल्या प्लेटी वाकतात. चार्जरवरून काढल्यावर दोन-तीन तास तशीच ठेवून मग मोजा. १२.६ ते १२.८ व्होल्ट आले तर ठीक. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली. रात्रभर भरूनही १२ च्या वर जात नसेल तर बॅटरीच्या आतला एखादा कप्पा (सेल) गेलाय.

आता ती गाडीत बसवा, मीटर डीसी २० वर ठेवून बॅटरीच्या टोकांना लावा आणि सेल मारा. मारताना आकडा साडेनऊच्या खाली कोसळला तर बॅटरी बाद. पण ती का मेली हे शोधल्याशिवाय नवी बसवू नका. चार्जिंग कमी पडलं तर बॅटरीच्या प्लेटींवर पांढरा थर धरतो, जास्त झालं तर पाणी उकळून जातं. दोन्हीचा शेवट टकटकीतच होतो.

इंजिन चालू, मीटर बॅटरीवर

गाडी मेन स्टँडवर घ्या, मीटर डीसी २० वरच ठेवा. इंजिन पाच मिनिटं गरम होऊ द्या आणि हेडलाइट हाय बीमवर टाका. १ एप्रिल २०१७ नंतरच्या नव्या गाड्यांत हेडलाइट कायम चालूच असतो, त्यामुळे तिथं फक्त बीम बदलायचा. मग आरपीएम चार-पाच हजारांवर नेऊन आकडा बघा.

१३.५ ते १४.८ च्या दरम्यान स्थिर आला तर चार्जिंग ठीक आहे, दुखणं बॅटरीत किंवा विजेच्या गळतीत आहे. गळतीचं शेवटी बघू.

१२.५ च्या आसपास राहून हळूहळू उतरत असेल तर बॅटरीपर्यंत काही पोचतच नाही.

१५ च्या वर गेला तर रेग्युलेटरनं लगाम सोडलाय. अशा गाडीचे बल्ब वारंवार उडतात, बॅटरी फुगते आणि सडक्या अंड्याचा वास येतो. ती तशीच चालवू नका. इंजेक्शनच्या गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) टाकीतल्या इंधनपंपासकट याच लाइनवर असतो आणि ईसीयूच्या किमतीत दहा रेग्युलेटर येतील.

एक जुनी खोड अजून दिसते: इंजिन चालू असताना बॅटरीचं टोक काढून गाडी बंद पडते का बघायचं. हे करू नका. बॅटरी उशीसारखं झटके झेलत असते. ती काढली की व्होल्टेज क्षणात उसळतं आणि चांगला रेग्युलेटरही त्यात जातो.

फुकटात बरी होणारी दुखणी

चार्जिंग पोचत नाही असं दिसलं की लगेच स्पेअरच्या दुकानाकडं पळू नका. आधी फ्यूज बघा, मग रेग्युलेटरचे कपलर उघडा. पिवळ्या वायरींच्या कपलरवर नीट उजेड टाका. पांढरं प्लॅस्टिक एखाद्या पिनभोवती तपकिरी झालंय, थोडं वितळून आत बसलंय, वायरीचं रबर पिनजवळ कडक होऊन तडकलंय, असं दिसलं तर बिघाड तिथंच आहे. पिन थोडी सैल झाली की तिथं रोध वाढतो, रोधानं ती तापते, तापल्यानं पितळ काळं पडतं आणि रोध आणखी वाढतो. हे चक्र दोन-तीन महिन्यांत कपलर जाळून टाकतं.

आपल्याकडं कोल्हापुरात यात पाण्याची भर पडते. राधानगरी-गगनबावड्याकडचा पाऊस, वॉशिंगला मारलेलं प्रेशरचं पाणी, शेताच्या वाटेवरचा चिखल. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून पुढं विकल्या गेल्या आहेत. जुनी गाडी घेतली असेल तर कपलरमध्ये हिरवी बुरशीसारखी पूड दिसते का बघाच. ते तांब्याचं गंजणं आहे आणि ते वायरीच्या रबराखाली बोटभर आतपर्यंत पोचलेलं असतं. अशी वायर पुन्हा लखलखीत तांबं लागेपर्यंत कापा.

नुसत्या डोळ्यांनी भागत नसेल तर मीटर डीसी २० वरच ठेवून इंजिन चालू आणि हेडलाइट लागलेला असताना एक टोक रेग्युलेटरच्या लाल वायरीच्या पिनेला मागून टेकवा, दुसरं बॅटरीच्या प्लसला. आकडा ०.२ ते ०.३ च्या वर आला तर तेवढं व्होल्टेज वाटेतच जळतंय. असंच रेग्युलेटरच्या अर्थच्या वायरीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा. अर्थची थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) चेसीवर जिथं आवळलेली असते तिथला रंग आणि गंज पॉलिश पेपरनं काढून, बोल्ट आवळून, वरून व्हॅसलीन लावलं की कित्येक गाड्यांचं चार्जिंग तेवढ्यावर परत येतं.

जळालेला कपलर बदलताना वायरी पिळून वर टेप गुंडाळायची पद्धत मोडा. टेपच्या आत पाणी साचतं आणि महिन्यात तीच गत होते. नवा कपलर पिनांसकट मिळतो. पिन दाबून बसवा, वर सोल्डरचा हलका डाग द्या आणि स्लीव्ह चढवा. वायर दोन चौरस मिमीच्या आसपासची, अनेक बारीक तारांची घ्या. घरच्या वायरिंगची जाड तारांची वायर थरथरीनं तुटते.

कॉइल मोजताना

कॉइलचा कपलर रेग्युलेटरपासून सोडवा. हे महत्त्वाचं आहे, नाहीतर रेग्युलेटरच्या आतले डायोड (वीज एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) मापात येतात आणि चांगली कॉइल शॉट दिसते.

पहिली तपासणी अर्थची. मीटर ओहमच्या मोठ्या रेंजवर, एक टोक इंजिनच्या उघड्या धातूला, दुसरं प्रत्येक पिवळ्या वायरीला. पडद्यावर उघडं सर्किट, म्हणजे OL किंवा डावीकडं नुसता १, दिसलं पाहिजे. कुठलाही आकडा आला तर कॉइल बॉडीला शॉट आहे आणि पुढं मोजायची गरज नाही.

दुसरी तपासणी रोधाची. २०० ओहमच्या रेंजवर आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा आणि येणारा आकडा लिहून घ्या. स्वस्त मीटरमध्ये ०.३-०.४ सहज येतो, तो पुढच्या मापातून वजा करायचा. मग पिवळ्या वायरींच्या तिन्ही जोड्या मोजा. प्रत्येकी एक ओहमच्या आत आणि तिन्ही सारख्या हव्यात. खरं सांगायचं तर दोनशे रुपयांच्या मीटरवर इतक्या लहान आकड्यांचा फारसा भरवसा नाही. तुटलेली जोडी कळते, थोडी जळालेली कळत नाही. म्हणून तिसरी तपासणी.

मीटर एसी २०० वर. कपलर सुटाच ठेवून इंजिन चालू करा, तिन्ही जोड्यांवर व्होल्टेज मोजा. आयडलला साधारण १५-२०, पाच हजार आरपीएमला ५० च्या वर. अचूक आकडा गाडीगणिक बदलतो, पण तिन्ही जोड्या सारख्या असायला हव्यात. दोन ठिकाणी ५५ आणि एका ठिकाणी २० म्हणजे एक फेज गेला. हात कोरडे ठेवा, हे व्होल्टेज चांगला झटका देतं. तपासणी मिनिटभरात उरका, कारण तेवढा वेळ गाडी फक्त बॅटरीवर चालतेय.

काही कॉइली थंड असताना चोख आणि गरम झाल्यावर गळपटतात. गाडी जोतिबाच्या घाटात नेऊन आणल्यावर चार्जिंग पडत असेल, तर त्याच गरम अवस्थेत अर्थची आणि एसीची तपासणी परत करा.

रेग्युलेटर

बॅटरी चांगली, वायरी चांगल्या, कॉइल चांगली आणि तरीही बॅटरीवर १२.५ च, तर दोषी एकच उरतो. खातरीसाठी मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक रेग्युलेटरच्या अर्थच्या पिनेवर, काळं एकेका पिवळ्याच्या पिनेवर: ०.४ ते ०.७. टोकं उलटी केली की उघडं. मग लाल टोक एकेका पिवळ्यावर आणि काळं प्लसवर: तेच. कुठंही दोन्ही बाजूंनी शून्याच्या जवळ आकडा आला किंवा मीटर वाजला तर आतला डायोड शॉट आहे, नवा घ्या. दोन्ही बाजूंनी उघडं आलं तर मात्र लगेच निकाल देऊ नका. काही रेग्युलेटरांच्या एका बाजूला डायोडऐवजी एससीआर (इशारा मिळाल्यावरच वीज सोडणारा डायोड) असतो आणि तो मीटरला असाच दिसतो.

बॅटरीवर १५ च्या वर व्होल्टेज येत असेल आणि रेग्युलेटरला पाच वायरींखेरीज एक बारीक जादा वायर असेल तर ती आधी बघा. तिच्यावरूनच त्याला बॅटरीचं व्होल्टेज कळतं. ती सुटली तर त्याला बॅटरी रिकामी वाटते आणि तो वीज ओतत राहतो. चावी चालू करून त्या वायरीवर बॅटरीइतकंच व्होल्टेज यायला हवं.

घेताना जुना रेग्युलेटर हातात घेऊनच जा. नुसता आकार जुळून चालत नाही. वायरींची संख्या, कपलरचा आकार, कुठल्या पिनेत काय येतं आणि मागं कोरलेला नंबर, हे सगळं जुळलं पाहिजे. रंगांवर विसंबू नका: होंडा आणि हिरोच्या गाड्यांत अर्थ हिरवी असते, बजाजमध्ये काळी-पिवळी. प्लस-मायनसची अदलाबदल झाली तर नवा रेग्युलेटर पहिल्याच जोडणीत जातो. तीन पिवळ्यांचा आपसातला क्रम मात्र कसाही चालतो, ती एसी आहे.

पैसे वाचवायला जुना, उतरवलेला रेग्युलेटर घ्यायला हरकत नाही, पण वरची डायोडची तपासणी दुकानातच करून. दोन मिनिटं लागतात आणि विकणारा मीटर लावू देत नसेल तर ते उत्तरच समजा. बिननावाचा स्वस्त नवा माल त्यापेक्षा वाईट. हलका रेग्युलेटर हातात घेतला की कळतो: अॅल्युमिनियमचं अंग पातळ, पाठीमागची भर अर्धवट.

बसवायला अर्धा तास. चावी बंद, बॅटरीचा मायनस आधी काढायचा. रेग्युलेटर सीटखाली, साइड पॅनेलमागं किंवा पुढं चेसीला दोन ६ मिमीच्या बोल्टांवर असतो. जागा पॉलिश पेपरनं साफ करा, मिळाल्यास थर्मल पेस्टचा पातळ हात फिरवा आणि बोल्ट नीट आवळा. रेग्युलेटर आपली उष्णता त्या धातूत सोडतो, मधे रंगाचा आणि चिखलाचा थर असेल तर तो आतल्या आत भाजतो. वारा लागणारी जागा सोडून त्याला पिशवीत गुंडाळून सीटखाली कोंबू नका. प्लस जोडा, मायनस सगळ्यात शेवटी, आणि परत चार-पाच हजार आरपीएमला मोजा.

कॉइल काढावी लागली तर

इथं खर्चाचे दोन रस्ते आहेत: नवी कॉइल प्लेट, नाहीतर जुनी भरून घेणं, म्हणजे तिच्यावर नवी तार गुंडाळून घेणं. उद्यमनगरात शेतीपंपाच्या मोटारी भरून देण्याचं काम चालतंच, आणि चांगल्या हाताचा माणूस कॉइलही भरतो. पण बोलणं स्पष्ट हवं. पाणबुडी पंपात वापरतात ती पॉली गुंडाळलेली तार इथं अजिबात नको. ती पाण्यातल्या थंड मोटारीसाठी आहे, इंजिनच्या गरम ऑइलमध्ये तिचं आवरण वितळतं. इनॅमलची, ड्युअल कोट, २०० डिग्री वर्गाची तार मागा. जुन्या तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजून तीच घ्यायची, प्रत्येक दांड्यावरचे वेढे मोजून तेवढेच द्यायचे आणि दिशा सोडवतानाच लिहून ठेवायची. वेढे वाढवले तर व्होल्टेज लवकर चढतं पण करंट कमी मिळतो. वर वार्निश देऊन भट्टीत भाजलेलं हवं, नुसतं हवेवर वाळवलेलं नको. आतल्या जोडांवर साधी प्लॅस्टिकची नळी ऑइलमध्ये फुगते, तिथं फायबर ग्लासची स्लीव्ह लागते.

ज्या गाडीची कॉइल कव्हरलाच बसवलेली असते तिथं काम सोपं. आधी बघा की त्या कव्हरच्या आत ऑइल आहे का. असेल तर ते काढा. ते बदलायला आलंच असेल तर खर्च नावाला. कव्हरचे बोल्ट वेगवेगळ्या लांबीचे असतात. पुठ्ठ्यावर कव्हरचा आकार काढून त्या-त्या जागी खोचून ठेवा. लांब बोल्ट लहान भोकात गेला की अॅल्युमिनियमचे आटे गेलेच. कव्हर ओढताना मॅग्नेट ते मागं खेचतो, बोटं सांभाळा. मधे स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटू नका, पॅकिंगच्या जागेला चरे पडले की ऑइल गळतं.

जळालेली कॉइल ओळखायला मीटर लागत नाही: काही दांडे सोनेरी-तपकिरी आणि शेजारचे दोन-तीन कोळशासारखे काळे, वर ऑइलचा करपट वास. कॉइलच्या तीन बोल्टांखेरीज शेजारी छोटी पल्सर कॉइल असते. ठिणगीचं टायमिंग तिच्यावर आहे, तिच्या वायरी तुटल्या तर गाडी चालूच होणार नाही. बसवताना वायरी जुन्याच क्लिपखालून, मॅग्नेटपासून दूर न्या आणि रबर ग्रोमेट नीट खाचेत बसवा. मॅग्नेटला चिकटलेला लोखंडी चुरा पुसून काढा. पॅकिंग नवंच घ्या. कव्हरचे ६ मिमीचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा. दहा न्यूटन-मीटर म्हणजे छोट्या टी-पान्यानं मनगटाचा जोर, त्याहून जास्त नाही.

कॉइल मॅग्नेटच्या मागं असेल तर त्या गाडीचा मॅग्नेट पुलर लागतो. हातोडीनं ठोकून मॅग्नेट निघतो खरा, पण आतले चुंबक तडकतात किंवा क्रँकचं टोक वाकतं. पुलर नसेल तर मजुरी देऊन तेवढंच काम बाहेर करून घ्या.

कॉइल का जळाली हेही बघा. बहुतेक गाड्यांतला रेग्युलेटर जादाची वीज कॉइलवरच शॉट करून थोपवतो, म्हणजे कॉइल नेहमीच पूर्ण राबते. त्यात ऑइल कमी असेल किंवा जुना रेग्युलेटर शॉट असेल तर नवी कॉइलही जळते. म्हणून कॉइल बदलताना रेग्युलेटरची डायोड तपासणी केल्याशिवाय कपलर जोडू नका. आणि पुढं लावलेले ५५ वॅटचे दोन फॉग काढून टाका. ते एकटेच नऊ अँपिअर खातात, तेवढी शिल्लक या कॉइलकडं नसते.

सगळं ठीक, तरी बॅटरी उतरते

चावी बंद करा, मायनसची वायर काढा आणि मीटर १० अँपिअरवर ठेवून ती वायर आणि मायनसचं टोक यांच्यामध्ये लावा. शून्य दिसलं तर मिलिअँपिअरच्या रेंजवर या. अशा वेळी चावी चालू करू नका, मीटरचा फ्यूज उडेल. दोन-चार मिलिअँपिअर चालतात. ५० दिसले तर ५ एएचची बॅटरी शंभर तासांत, म्हणजे चार दिवसांत, रिकामी. अलार्म, जीपीएस, हँडलवरचा मोबाइल चार्जर एकेक करून सोडवा आणि आकडा कुठं पडतो ते बघा. गळतीही नसेल, तर रोज रंकाळ्यापासून लक्ष्मीपुरीपर्यंत पाच मिनिटांच्या फेऱ्या आणि प्रत्येक सिग्नलला सेल, हे कारण उरतं. किक असेल तर सकाळची पहिली सुरुवात तिच्यावर करा, नसेल तर आठवड्यातून एकदा गाडी हायवेवर अर्धा-पाऊण तास सलग पळवून आणा.